नाताळचे काचगोळे आणि घरातला कारखाना



वसंत व्याख्यानमालेत, घामाच्या धारा लागलेल्या असताना, थंडीतल्या सणाविषयी बोलावयाचे हे आपणांस थोडे विपरीत वाटेल. परंतु ज्या वस्तूंविषयी आज आम्ही बोलणार आहोत, त्या वस्तू प्रत्यक्षात तयार होत असत त्या उन्हाळ्यातच. नाताळच्या झाडावर लटकणारे चकचकीत काचेचे गोळे आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते पाहून कोणालाही बर्फ, घंटा आणि मुलांचे हसणे आठवते. आम्हांस मात्र ते पाहिले की आमच्या आईची परात आठवते. हे कसे, ते आधी सांगतो आणि मग जर्मनीकडे वळतो.

1982 सालची संक्रांत झाली आणि चारच दिवसांनी, 18 जानेवारीला, मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कसा लांबला आणि त्यातून काय झाले, हा आजचा विषय नव्हे. एवढेच सांगतो की त्या वर्षी गिरणगावातल्या कितीतरी खोल्यांत बाहेरचे काम शिरले. कोणाकडे पापड, कोणाकडे शिवण, कोणाकडे कागदी पाकिटे. आमच्या घरी संक्रांतीच्या हलव्याचे दागिने आले. दिवाळी सरली की आई मंद शेगडीवर परात ठेवून बसे. परातीत खसखस किंवा साबुदाणा, त्यावर साखरेचा पाक थेंबाथेंबाने, आणि बोटांनी सारखे हलवत राहावयाचे. घाई केली तर गोळा होतो, आच वाढली तर रंग जातो, आणि धीर धरला तरच काटा फुटतो. तो हलवा मग दोऱ्याने बांधून, पुठ्ठ्याला लावून हार, मुकुट, बाजूबंद तयार होत. आमची धाकटी बहीण तेव्हा सात वर्षांची. तिची बोटे बारीक म्हणून दाणे निवडणे आणि दोरा ओवून देणे हे तिच्याकडे. माल दादरचा एक व्यापारी डझनावर घेई. त्याच्या खोक्यांवर ठळक अक्षरांत छापलेले असे : ‘घरगुती’.

हा ‘घरगुती’ शब्द आमच्या डोक्यात तेव्हापासून रुतून बसलेला आहे. पुढे कामगार चळवळीत पडल्यावर आम्ही विडी वळणाऱ्या, उदबत्त्या लाटणाऱ्या बायकांच्या वस्त्यांतून फिरलो आणि प्रत्येक ठिकाणी मालकाचे उत्तर एकच मिळाले : “अहो, ते काम कसले? घरी बसून फावल्या वेळात करतात.” आमचे शिक्षण शाळेपुरतेच, पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटावर आणि सार्वजनिक वाचनालयात. त्या वाचनात एकदा जर्मनीतल्या दोन डोंगराळ मुलखांची हकीकत हाती लागली आणि आम्हांस वाटले, ही तर आपल्याच चाळीची हकीकत आहे. फक्त परातीच्या जागी काच आहे.

पहिला मुलूख थुरिंगियाच्या जंगलातला. तेथे एका अरुंद दरीत लाउशा नावाचे गाव आहे. 1597 साली हान्स ग्रायनर आणि ख्रिस्टोफ म्युलर या दोन काच कारागिरांना तेथे भट्टी घालण्याची परवानगी मिळाली आणि त्या भट्टीभोवती गाव वसले. काचेला वाळू लागते, राख लागते, आणि सर्वांत जास्त लागते ते जळण. जंगल होते म्हणून भट्टी झाली. पुढे भट्टीत तयार झालेल्या काचेच्या नळ्या घरी नेऊन दिव्याच्या ज्योतीवर तापवावयाच्या आणि त्यांतून मणी, खेळण्यांचे डोळे, लहानसहान नगीने फुंकावयाचे, असा धंदा घराघरांत पसरला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. भट्टीवरचा कारागीर निदान भट्टीवर एकत्र जमत होता. दिव्यावरचा कारागीर आपापल्या घरात एकटा झाला.

नाताळचे झाड त्या काळी काचेने सजत नसे. 1605 साली स्ट्रासबुर्गच्या एका प्रवाशाने लिहून ठेवले आहे की लोक दिवाणखान्यात देवदाराचे झाड उभे करतात आणि त्याला कागदी गुलाब, सफरचंदे, पातळ पापडीसारखी बिस्किटे, सोनेरी वर्ख आणि साखर टांगतात. म्हणजे सजावट आणि खाऊ ही दोन वेगळी खाती नव्हतीच. झाड हेच ताट होते. सण संपला की मुले झाड लुटीत. आपल्याकडे बोरन्हाणात मुलांच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हलवा ओततात आणि बाकीची पोरे ते गोळा करतात, त्यातलाच हा प्रकार. अंगावर घातलेला दागिना शेवटी तोंडात जातो.

लाउशात अशी दंतकथा आहे की 1847 च्या नाताळात एका गरीब काच कारागिराला झाडावर टांगावयास सफरचंदे आणि अक्रोड घेणे परवडेना, म्हणून त्याने काचेची सफरचंदे आणि काचेचे अक्रोड फुंकून टांगले. कथा गोड आहे. खरी असेलच असे नाही. पण ज्या गावात ती जन्मली त्या गावाला आपल्या कारागिराच्या खिशाची नेमकी माहिती होती, एवढे तिच्यावरून ठरते. कागदोपत्री पुरावा सापडतो तो पुढच्या वर्षीचा. 1848 सालच्या एका मागणीच्या वहीत निरनिराळ्या आकारांच्या नाताळच्या काचगोळ्यांची सहा डझनांची नोंद आहे. आमच्यासारख्या माणसाला हा फरक बोलका वाटतो. दंतकथेत बाप आपल्या मुलांसाठी वस्तू करतो. वहीत मात्र गिऱ्हाईक आले आहे, आणि वस्तू डझनाने मोजली जाऊ लागली आहे.

त्यानंतर धंदा वाढला तो दोन सुधारणांमुळे. 1867 साली गावात गॅसचा कारखाना निघाला. पूर्वी पायाच्या भात्याने दिव्याची ज्योत फुंकावी लागे. गॅसची ज्योत अधिक कडक आणि स्थिर, त्यामुळे मोठा, पातळ आणि सारखा गोळा फुंकता येऊ लागला. दुसरी सुधारणा रुप्याच्या मुलाम्याची. आधी आतून शिसे किंवा कथील यांचा लेप देत. 1870 च्या सुमारास चांदीच्या क्षाराचे द्रावण वापरात आले. ते गोळ्यात थोडे ओतावयाचे, गोळा गरम पाण्यात धरून हलवावयाचा, आणि पाहता पाहता आतून आरसा चढतो.

आता त्या खोलीत आत जाऊन पाहू. खिडकीपाशी बाक, त्यावर ज्योत, आणि ज्योतीशी घरचा पुरुष. तो नळी तापवतो, फुंकतो, फिरवतो. साधा गोळा असेल तर नुसत्या श्वासावर. देवदाराचे फळ, द्राक्षाचा घड, पक्षी असे काही असेल तर साच्यात. फुंकणे हे मानाचे काम, आणि इतिहासात नाव राहते ते त्याचेच. गोळा त्याच्या हातून सुटला की बायकोकडे जातो. ती चांदीचे पाणी भरते, हलवते, काढते. मग गोळ्याची लांब काचेची शेपटी खिळ्यांच्या फळीवर अडकवून रांगाच्या रांगा चुलीच्या वर वाळत ठेवते. त्यानंतर रंगात बुडवणे, पुन्हा वाळवणे, कुंचल्याने फुले आणि पट्टे काढणे. मुले शेपटी खरवडून तोडतात, पत्र्याची टोपी आणि तारेची कडी बसवतात आणि पुठ्ठ्याच्या पेटीत बारा बारा भरतात. हे सर्व त्याच खोलीत, जेथे स्वयंपाक होतो आणि रात्री माणसे झोपतात. उन्हाळ्यात खिडकी उघडावी तर वाऱ्याने ज्योत हलते. मिटावी तर गॅस, रंग आणि औषधी पाण्याचा वास घरात कोंडतो. झाडावरच्या गोळ्यात मेणबत्त्यांचे प्रतिबिंब पडते. ज्या घरात तो तयार झाला तेथे मात्र त्यात बटाट्याच्या टोपल्याचे आणि खिळ्यांच्या फळ्यांचे प्रतिबिंब पडत असले पाहिजे.

माल तयार झाला की तो न्यावयाचा झोनेबेर्गला. हे गाव खेळण्यांची राजधानी. 1789 साली तेथल्या ड्यूकने खेळण्यांच्या व्यापाराचा हक्क मोजक्या व्यापाऱ्यांना सनद देऊन बहाल केला होता, आणि 1862 साली व्यापार सर्वांना खुला झाला तरी दोऱ्या त्याच पेढ्यांच्या हाती राहिल्या. लाउशापासून हे गाव सुमारे वीस किलोमीटर. पाठीवर उंच वेताची पाटी, पाटीत पेट्यांचे थर, वर दोराने बांधलेला आणखी एक मनोरा, अशा बायकांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. पाटीची उंची बाईच्या उंचीहून जास्त. 1886 साली लाउशापर्यंत आगगाडी आली तेव्हा ही पायपीट कमी झाली. पण पेढीवरची वाट पाहणे कमी झाले नाही. पेढीवर माल मोजला जाई, फुटका बाजूला काढला जाई आणि डझनावर दाम मिळे. काच कारागिराची, गॅस कारागिराचा, रंग कारागिराचा, जागा कारागिराची. फुटले तर नुकसानही कारागिराचेच. पेढीवाल्याचे काय, तर मागणीचा कागद. आपल्याकडच्या विडीच्या धंद्यात निदान पाने आणि तंबाखू कारखानदार देतो, आणि मग वजनात मारतो. झोनेबेर्गच्या पेढीला तेवढाही व्याप नव्हता.

मागणी कोठून येत होती? मुख्यतः समुद्रापलीकडून. फ्रँक वूलवर्थ नावाचा अमेरिकन दुकानदार पाच आणि दहा सेंटांच्या वस्तूंची दुकाने चालवीत असे. 1880 साली फिलाडेल्फियाच्या एका आयातदाराने त्याच्या गळ्यात अवघ्या 25 डॉलरचे काचगोळे मारले. वूलवर्थला हे खपतील असे मुळीच वाटत नव्हते. ते दोन दिवसांत संपले. नंतर तो स्वतः जर्मनीत खरेदीला येऊ लागला आणि त्याच्या दुकानांच्या साखळीने लाउशाचा माल अमेरिकेच्या घराघरांत पोचवला. लोक ही हकीकत व्यापारी चातुर्याची म्हणून सांगतात. आमचे लक्ष त्या पाच सेंटांवर जाते. विक्रीची किंमत जेव्हा आधीच पाच सेंट म्हणून पाटीवर रंगवलेली असते, तेव्हा दुकानाचा नफा, आगबोटीचे भाडे, जकात, आयातदाराचा हिस्सा आणि झोनेबेर्गच्या पेढीची आडत हे सारे वजा करून जे खाली उरते, तेच खिडकीपाशी बसलेल्या कुटुंबाचे. वरचा कोणीही आपला वाटा सोडावयाचा नाही. चढाओढ वाढली की दर खालूनच कापला जाणार, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

शिवाय काम हंगामी. परदेशी खरेदीदार वर्षाच्या पूर्वार्धात नमुने पाहून मागण्या देत. माल शरदात बंदरावर पोचला पाहिजे. म्हणजे उन्हाळ्यापासून रात्रंदिवस झुंबड, आणि ऐन नाताळनंतर, कडक थंडीत, हात रिकामे. ज्या महिन्यात जग त्यांचे गोळे झाडावर टांगून नाचते, त्या महिन्यात ती माणसे वाण्याकडे उधारी मांडू लागतात.

1882 साली एमानुएल झाक्स नावाच्या अभ्यासकाने झोनेबेर्गच्या मुलखातील घरगुती उद्योगांवर एक सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून हे दारिद्र्य विद्वानांच्या वर्तुळात ठाऊक झाले. परंतु त्याचे मर्म सांगितले ते फ्रेडरिक एंगल्सने. 1887 साली घरांच्या प्रश्नावरील आपल्या जुन्या पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीला त्याने प्रस्तावना जोडली. तीत त्याचे म्हणणे थोडक्यात असे : जर्मनीच्या खेड्यांतल्या घरगुती कामगाराजवळ स्वतःचे झोपडे आणि बटाट्याचा वाफा असतो, पोटाला लागणारे थोडे अन्न तो त्या वाफ्यातून काढतो, आणि म्हणूनच पेढीवाला त्याला पोटभर मजुरीपेक्षाही कमी देऊ शकतो. ज्या घराला आणि जमिनीला लोक कामगाराचा आधार समजतात, तेच त्याच्या गळ्यातले लोढणे ठरते. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. आमच्या विडी कामगारणींच्या बाबतीत मालक हेच उलट भाषेत सांगत होते : “नवरा कमावतो ना, मग हिला एवढे कशाला?” कोठे बटाट्याचा वाफा वजा होतो, कोठे नवरा.

दुसरा मुलूख त्याहून पूर्वेचा, सॅक्सनीतला एर्ट्सगेबिर्गे. नावाचा अर्थच ‘धातूच्या खनिजाचे डोंगर’. तेथे चांदी आणि कथील यांच्या खाणी होत्या. झायफेन गावची कथलाची खाण 1849 साली बंद पडली. पण तिला उतरती कळा त्याच्या कितीतरी आधी लागली होती. खाणीतल्या माणसांनी मग लाकूड हाती घेतले. खनिज कुटणाऱ्या यंत्रांसाठी अडवलेले ओढ्याचे पाणी लाकडाचे चरक फिरवू लागले. तेथे साधारण 1800 पासून एक अजब कसब निघाले. ओल्या लाकडाच्या ओंडक्याची चकती चरकावर अशी कातावयाची की तिचे एक जाड कडे तयार होते. पाहणाऱ्याला ती नुसती वेडीवाकडी बांगडी दिसते. मग भाकरीचे तुकडे पाडावेत तसे त्या कड्याचे सुरीने उभे काप पाडावयाचे, आणि प्रत्येक काप म्हणजे एक घोडा, एक गाय किंवा एक मेंढी! कातणाऱ्याला काम चालू असताना जनावर दिसत नाही; ते हाताला ठाऊक असते. कापलेली जनावरे मग घरोघर जात. तेथे मुले आणि बायका कोरून, शिंगे-शेपट्या चिकटवून रंगवीत. मोजणी साठाच्या गड्डीने. साठ गायी म्हणजे एक नग, असे म्हणा ना.

हा मुलूख आम्हांस दोन कारणांनी आवडतो. एक, तेथल्या सणात खाणकामगार अजून जिवंत आहे. थंडीत खाणीत उतरणारा माणूस पहाटेच्या अंधारात आत जाई आणि रात्रीच्या अंधारात बाहेर येई; कित्येक आठवडे त्याला सूर्य दिसत नसे. म्हणून खिडकीत दिवे लावण्याची रीत पडली, आणि मेणबत्त्यांची कमान करण्याची. योहानगेओर्गेनश्टाट गावातली लोखंडी कमान 1740 सालची आहे. दुसरे कारण अक्रोड फोडणारा बाहुला. 1870 च्या सुमारास झायफेनच्या फ्युश्टनर घराण्यात तो आजच्या रूपात घडला. तो कोण? मुकुट घातलेला राजा, नाहीतर गणवेशातला शिपाई किंवा वनखात्याचा अंमलदार. वर्षभर जे डोळे वटारतात त्यांना नाताळात टेबलावर उभे करावयाचे, पाठीमागचा दांडा दाबावयाचा आणि कठीण अक्रोड त्यांच्या जबड्यात द्यावयाचा. आमच्या संघटनेत असा एखादा बाहुला असता तर वाटाघाटींच्या आदल्या रात्री बराच उपयोगी पडला असता.

खाण्याचे पदार्थही या मुलखांचे त्यांच्या गरिबीची आणि त्यांच्या मालकांची खूण बाळगून आहेत. ड्रेस्डेनचा श्टोलन हा नाताळचा पाव आज मनुका, बदाम आणि लोण्याने जड झालेला असतो. पण नाताळच्या आधीचे आठवडे चर्चच्या नियमाने उपासाचे, आणि उपासात लोणी वर्ज्य. तेव्हाचा श्टोलन म्हणजे पीठ, पाणी आणि बेचव तेल. सॅक्सनीच्या राजपुत्रांनी पोपकडे अर्ज केले, आणि अखेर 1491 साली पोप आठवा इनोसंट याने लोणी वापरण्याची परवानगी देणारे पत्र धाडले. परवानगी फुकट नव्हती. तिच्यासाठी दान द्यावे लागे. लोण्यावर असा धर्माचा कर बसला. पुढे 1730 साली सॅक्सनीचा अधिपती ऑगस्ट याने आपल्या लष्करी जत्रेसाठी सुमारे 1.8 टन वजनाचा एकच श्टोलन भाजवून घेतला. त्या एका पावाची हकीकत सगळ्या पुस्तकांत आहे. सामान्य घराची रीत मात्र निराळी : पीठ, लोणी, मनुका घरून मोजून न्यावयाच्या, गावच्या भटारखान्यात पाव भाजून घ्यावयाचा, आणि आपला दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून त्यात नावाची खूण खोचावयाची. आपल्याकडे दिवाळीत रवा, मैदा, तूप आणि साखर डब्यात घालून नानकटाई भाजून आणण्यासाठी बेकरीपुढे रांग लागते, ती ज्यांनी धरली आहे त्यांना हे चित्र समजावून सांगावयास नको.

एर्ट्सगेबिर्गेत नाताळच्या आदल्या संध्याकाळी नऊ पदार्थांचे जेवण असते. त्यात मसूर असतात, ते सुटे पैसे वर्षभर संपू नयेत म्हणून. पिठाचे मोठे गोळे असतात, ते मोठ्या पैशासाठी. न्यूरेंबर्गच्या लेबकूखनचे, म्हणजे मधाच्या मसालेदार केकचे, तर आपल्याशी थेट नाते आहे. त्यातली वेलची, आले, मिरी ही मलबारच्या किनाऱ्यावरून निघून अरबांच्या आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून तेथे पोचत. न्यूरेंबर्ग व्यापाराच्या हमरस्त्यावर, आणि शेजारच्या अरण्यात मध विपुल. 1643 साली तेथे लेबकूखन करणाऱ्यांचा स्वतंत्र संघ झाला. मिरी तोडणाऱ्या मलबारी कष्टकऱ्याचा संघ झाल्याचे त्या वहीत अर्थातच नाही.

आता पुन्हा त्या खोलीकडे येऊ. तिच्यात कायदा शिरला कसा? जर्मनीत कारखान्यांतल्या बालमजुरीवर निर्बंध आले तेव्हा पुष्कळसे काम सरळ घरांत सरकले, कारण घराच्या उंबऱ्याशी निरीक्षकाचे पाय थांबत. बर्लिनजवळच्या रिक्सडोर्फचा शिक्षक कोनराड आगाड याने आपल्या वर्गात पेंगणारी मुले पाहिली आणि मोजणी सुरू केली. 1898 सालच्या सरकारी पाहणीत कारखान्यांबाहेरच्या धंद्यांत राबणारी 5 लाख 30 हजारांहून अधिक शाळकरी मुले निघाली. 1903 साली कायदा झाला आणि त्याने प्रथमच आईबापांनी स्वतःच्या मुलांकडून करून घेतलेल्या कामालाही मर्यादा घातली. पळवाटा होत्या, निरीक्षक थोडे होते, तरी उंबरा ओलांडला गेला होता.

याहून मोठी गोष्ट घडली ती 1906 च्या आरंभी बर्लिनला. तेथे घरगुती कामाचे प्रदर्शन भरले. मांडलेल्या वस्तू सुंदरच होत्या : खेळणी, फुले, लेस, कपडे. नवी गोष्ट एकच : प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलेली. ही करण्यास किती तास लागले, दाम किती मिळाले, म्हणजे ताशी मजुरी किती पडली. बस्स, एवढेच. भाषण नाही, घोषणा नाही. ज्या बायका त्याच वस्तू दुकानातून कौतुकाने विकत घेत, त्या चिठ्ठी वाचून गप्प होत होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या ‘डेली न्यूज’ पत्राने क्वीन्स हॉलमध्ये तसेच प्रदर्शन भरवले. तेथे तर कामगारणी प्रत्यक्ष बसून काम करून दाखवीत. त्या खळबळीतून इंग्लंडात 1909 चा कायदा निघाला आणि चार धंद्यांत किमान मजुरी ठरवणारी मंडळे आली. जर्मनीत 1911 साली घरगुती कामाचा कायदा झाला, पण त्यात किमान मजुरीच नव्हती. ती ठरवण्याचा अधिकार मिळावयास 1923 साल उजाडले. आपल्याकडे विडी कामगारांच्या 1966 च्या कायद्याने घरी बसून वळणाऱ्या बाईला कामगार म्हटले, आणि जिनिव्हाला 1996 साली घरगुती कामाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तेव्हा त्याच्या मागे अहमदाबादच्या ‘सेवा’ या बायकांच्या संघटनेचा मोठा जोर होता. या साऱ्या वाटेवर संप थोडे आणि मोजमाप फार, असे आमचे वाचन सांगते. आम्ही संपाच्या परंपरेतले असल्यामुळे हे कबूल करावयास आम्हांस वेळ लागला. पण एकेका खोलीत विखुरलेली माणसे संप करणार कोणापुढे?

लाउशाचे पुढे काय झाले, ते थोडक्यात. दुसरे महायुद्ध पेटले आणि अमेरिकेचा माल अडला. 1939-40 च्या सुमारास तेथल्या कॉर्निंग कंपनीने विजेचे दिवे फुंकणाऱ्या यंत्रावर नाताळचे गोळे काढावयास सुरुवात केली. दिवसभर ज्योतीशी बसून एका कारागिराचे जेवढे गोळे होत, तेवढे ते यंत्र काही मिनिटांत फुंकी. युद्धानंतर लाउशा पूर्व जर्मनीत गेले, धंदा सरकारी झाला, आणि 1990 नंतर पुन्हा खाजगी कार्यशाळांचा झाला. 2021 साली लाउशाच्या फुंकून केलेल्या काचसजावटीचा जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. आनंदाची गोष्ट आहे. कसब टिकले पाहिजे, आणि जो विकत घेईल त्याने हातच्या कामाचे हातच्या कामासारखे दाम द्यावे.

बर्लिनच्या चिठ्ठ्यांची हकीकत वाचल्यावर आम्ही एका संक्रांतीला आईपाशी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. म्हटले, आई, त्या वर्षीचा एक हार धर. हलवा किती दिवस, शेगडी किती तास, बांधणी किती. तिला सर्व आठवत होते, कोळशाचा भावसुद्धा. आकडे लिहीत गेलो. साखर आपली, कोळसा आपला, दाम डझनावर. शेवटी धाकटीचे तास विचारले. तेव्हा तिने कागद बाजूला सारला.

“तिचे कसले तास रे? ती तर खेळत होती.”

बहीण तेथेच बसली होती. ती काही बोलली नाही. तिच्या तासांचा रकाना त्या कागदावर आजही कोरा आहे.